ख्रिस्त, तारण आणि शेवटच्या गोष्टी : अभ्यासाला सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : भायखळा शास्त्राभ्यास

सर्वांना सप्रेम सलाम. भायखळ्याच्या आमच्या मराठी मंडळीत दर आठवड्याला शास्त्राभ्यासाचा वर्ग भरतो आणि तो चालवण्याची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. वर्गाला कामावरून सुटून थेट येणारे तरुण असतात, तशाच वर्षानुवर्षे पवित्र शास्त्र नेमाने वाचत आलेल्या वडीलधाऱ्या भगिनीही असतात. पाळकसाहेबांच्या सूचनेवरून यंदा पावसाळ्यात तीन विषय घ्यायचे ठरले आहे : ख्रिस्त कोण आहे, त्याने केलेले तारण म्हणजे काय, आणि शेवटच्या गोष्टी, अर्थात मरण, पुनरुत्थान, न्याय आणि सार्वकालिक जीवन.

अडचण क्रमाची आहे. सिद्धांतशास्त्राच्या पुस्तकांत हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत, ठरलेल्या क्रमाने येतात. पण आमच्या तरुणांना थेट पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकापासून, म्हणजे प्रकटीकरणापासूनच सुरुवात हवी आहे. त्यांच्या मोबाइलवर मंडळी, म्हणजे विश्वासी लोक, प्रभूकडे वर घेतली जाण्याविषयी, प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या आकड्याविषयी आणि पश्चिम आशियातील युद्धांविषयी रोज काही ना काही येत असते, आणि त्याचे खरे-खोटे त्यांना समजून घ्यायचे आहे. ही त्यांची ओढ मला अयोग्य वाटत नाही. याउलट, तारणाविषयी आपल्याला सगळे ठाऊकच आहे, असे वडीलधाऱ्यांना वाटते. आणि ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाविषयीचा भाग, म्हणजे बिशपांच्या जुन्या धर्मसभा, त्यांतले वाद, एक व्यक्ती आणि दोन स्वभाव वगैरे, हा तर कोणालाच नको आहे. तो फक्त पाळकांच्या परीक्षेपुरता असतो, असा सर्वसाधारण समज आहे.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी की, हा धर्मसभांचा भाग गाळून थेट तारणावर आले तर चालेल का? वधस्तंभाच्या अर्थाविषयी जे निरनिराळे विचार मंडळीच्या इतिहासात मांडले गेले, त्यांपैकी एकच योग्य असे सांगावे, की सगळे समोर ठेवावेत? आणि ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयी ज्या वर्गात तीन मतांची माणसे बसलेली आहेत, त्या वर्गात काय शिकवावे?

उत्तर : निवृत्त अध्यापक, दादर

ताई, सलाम. हा विषय मी बराच काळ शिकवला आहे आणि त्यावरून बनलेले माझे मत ठाम आहे : सुरुवात ख्रिस्तापासून करावी आणि शेवटच्या पाठापर्यंत त्याला सोडू नये. आपण हे तीन विषय मानतो खरे, पण मुळात तो एकच विषय आहे. ख्रिस्त कोण आहे यावर त्याने काय वाचवले हे ठरते, आणि त्याने काय वाचवले यावर शेवटी काय टिकणार हे ठरते. धर्मसभांचा भाग गाळलात, तर पुढच्या दोन्ही विषयांत उत्तरे पाठ होतील, पण ती उत्तरे तशी का आहेत हे कोणालाच सांगता येणार नाही.

इ.स. 325च्या निकियाच्या धर्मसभेकडे आपण बहुधा पंडितांचा शब्दच्छल म्हणून पाहतो. वस्तुतः तेथे प्रश्न तारणाचाच होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याचे म्हणणे असे होते की, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता असाही एक काळ होता. अथानेशियसने पुढे आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी झुंज दिली आणि पाच वेळा हद्दपारी सोसली, ती साधी आहे : जो स्वतः निर्मिलेला आहे, तो दुसऱ्या निर्मिलेल्याला देवाशी जोडू शकत नाही. ख्रिस्तात प्रत्यक्ष देव आपल्याकडे आला नसेल, तर आपल्याला भेटला तो फार तर एक थोर निरोप्या. आणि निरोप्याने क्षमेचा निरोप आणला तरी मरणाच्या तावडीतून सोडवणे त्याच्या हातात नसते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि आपल्या मराठी मंडळ्यांत ती अधिक दुर्लक्षित राहते असे माझे निरीक्षण आहे. लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस निकियाचा कट्टर समर्थक होता; पण ख्रिस्ताचे शरीर मानवी असले तरी त्याच्या ठायी मानवी मनाची जागा देवाच्या शब्दाने, म्हणजे देवपुत्राने, घेतली होती, असे त्याने शिकवले. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरीने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ख्रिस्ताने मानवाचे जे काही स्वतःवर घेतले नाही, ते बरे झालेले नाही. हे उत्तर मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहीत असे. पाप केवळ हातापायांनी होत नाही. ते मनात उगवते, इच्छेत रुजते. ख्रिस्ताला मानवी मन नसेल, तर आपला सगळ्यात आजारी भाग उपचाराविनाच राहिला. इ.स. 381च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने अपोलिनारिसची शिकवण नाकारली, आणि 451 साली कॅल्सिडनच्या सभेने म्हटले की एकच ख्रिस्त दोन स्वभावांत ओळखला जातो : ते एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, त्यांची फाळणी होत नाही आणि ते विलगही होत नाहीत. हे कसे घडते, हे त्या घोषणेने सांगितलेले नाही. कोणत्या वाटांनी जाऊ नये, तेवढे मात्र तिने नेमके सांगितले आहे.

वर्गात यातला एकच प्रसंग सावकाश घ्यायचा असेल, तर वधस्तंभाआधी येशूने जेथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेतला घ्या. मार्कचा 14वा अध्याय आणि लूकचा 22वा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. तेथे येशू भयाने व्याकूळ झाला आहे, तो जमिनीवर पडून प्रार्थना करतो, शक्य असेल तर हा प्याला टळावा असे पित्याला म्हणतो, आणि मग स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन करतो. आता वर्गाला विचारा की ही स्वाधीन केलेली इच्छा कोणाची आहे. सातव्या शतकात साम्राज्याच्या एकोप्यासाठी, ख्रिस्ताला एकच इच्छा होती असे सूत्र राजदरबाराने पुढे केले, तेव्हा मॅक्सिमस नावाच्या वृद्ध संन्याशाने याच प्रार्थनेचा आधार घेऊन ते नाकारले. त्याची जीभ आणि उजवा हात कापून त्याला हद्दपार करण्यात आले आणि 662 साली तो हद्दपारीतच वारला. पुढे 680-81च्या धर्मसभेने त्याचीच शिकवण मान्य केली. एवढी किंमत कशासाठी, असे तरुण विचारतील. त्याचे उत्तर रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात आहे : एका मनुष्याच्या आज्ञाभंगाने जे बिघडले, ते एका मनुष्याच्या आज्ञापालनाने सावरले. बागेत घाम गाळून पित्याला होकार देणारी इच्छा खरोखर मानवी नसेल, तर माणसाने देवाची आज्ञा पाळली असे म्हणता येत नाही आणि पौलाचे ते वाक्य पोकळ ठरते. ख्रिस्त आणि तारण हे दोन धडे नव्हेत, ते येथे डोळ्यांनी दिसते.

वधस्तंभाच्या अर्थाविषयी आपण विचारलेत. एक गोष्ट वर्गाला जरूर सांगा : ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाची व्याख्या प्राचीन धर्मसभांनी केली, पण वधस्तंभाने तारण नेमके कसे साधले याचा एकच सिद्धांत त्यांपैकी एकाही सभेने बांधून दिला नाही. नव्या करारातच न्यायालय आहे, मंदिरातला यज्ञ आहे, दास सोडवण्यासाठी भरलेली खंडणी आहे, सत्ताधीशांवरचा विजय आहे आणि दत्तक घेतलेली मुलेही आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने देवाच्या सन्मानाच्या ऋणफेडीच्या अंगाने विचार केला. पुढच्या शतकात अबेलार्डने माणसाच्या मनात प्रीती चेतवणाऱ्या देवप्रीतीवर भर दिला. धर्मसुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने, आपली शिक्षा त्याने सोसली हे अधिक स्पष्ट केले. आणि 1930च्या सुमारास स्वीडनच्या गुस्टाफ औलेनने प्राचीन मंडळीचा विजयाचा सूर पुन्हा पुढे आणला. माझे मत विचाराल तर हे सगळे समोर ठेवा, पण सगळे सारख्याच वजनाचे आहेत असे भासवू नका. अबेलार्डचा विचार एकटा उभा राहत नाही, कारण वधस्तंभावर वस्तुतः काही घडलेच नसेल, तर ते पाहून प्रीती चेतवण्यासारखे तरी काय उरते? उलट शिक्षेची भाषा एकटीच वापरली, तर पिता क्रोधी आणि पुत्र दयाळू असे चित्र मुलांच्या मनात बसते, आणि तेथे पुन्हा निकियाकडेच यावे लागते : पिता आणि पुत्र यांच्यात अशी फूट असूच शकत नाही.

शेवटच्या गोष्टींसाठी निकियाच्या विश्वासांगीकारातली, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेच्या कबुलीतली, एकच ओळ घ्या : त्याच्या राज्याला अंत नसेल. ही ओळ 325च्या मूळ मजकुरात नव्हती. ती 381च्या विश्वासांगीकारात आली. अंकायराचा बिशप मार्सेलस करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय असा वाचत असे की, शेवटी पुत्र राज्य पित्याच्या स्वाधीन करील तेव्हा पुत्राचे राज्यच संपेल आणि देहधारणाचे प्रयोजनही सरेल. मंडळीने लूकच्या पहिल्या अध्यायातील देवदूताच्या शब्दांचा आधार घेऊन त्याला नकार दिला. शेवटच्या दिवशी आपल्याला भेटणार आहे तो गालीलातला, जखमा झालेला आणि उठवला गेलेला तोच मनुष्य, आणि त्याचे मनुष्यपण कधीही टाकून दिले जाणार नाही. ही ओळ हाती असली म्हणजे तरुणांच्या मोबाइलवरच्या कोणत्याही व्याख्यानाला एक प्रश्न विचारता येतो : यात केंद्रस्थानी ख्रिस्त आहे, की श्वापद?

उत्तर : चेंबूरची ऑर्थोडॉक्स वाचक

सरांचे उत्तर आवडले. त्यात एक भर घालते. माझा जन्म आणि शिक्षण मुंबईचे असले तरी आमचे घराणे केरळच्या सुरियानी ऑर्थोडॉक्स परंपरेतले आहे आणि आम्ही कॅल्सिडनची सभा मान्य करत नाही. याचा अर्थ आम्ही ख्रिस्ताचे मनुष्यपण नाकारतो असा मात्र नव्हे. अलेक्झांड्रियाच्या सिरिलच्या शिकवणुकीप्रमाणे, देहधारी झालेल्या शब्दाचा एकच संयुक्त स्वभाव आम्ही मानतो, ज्यात देवपण आणि मनुष्यपण दोन्ही पूर्ण आहेत आणि मिसळलेले नाहीत. 1973 साली पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी, आणि 1984 साली पोप दुसरे जॉन पॉल आणि अंत्युखियाचे सुरियानी पॅट्रिआर्क पहिले झक्का यांनी संयुक्त घोषणांवर सह्या करून ख्रिस्ताविषयीचा विश्वास एकच असल्याचे नोंदवले. पंधराशे वर्षांची ही फूट मुख्यतः भाषेची आणि राजकारणाची होती, असे आज अनेक अभ्यासक म्हणतात. मुंबईच्या वर्गात आमच्यासारखी माणसे शेजारी बसलेली असू शकतात, म्हणून एवढे लिहिले.

उत्तर : अंधेरीचा बंधू

ताईंना प्रभूच्या नावाने सलाम. सरांच्या क्रमाला माझा विरोध नाही, पण तरुणांच्या मागणीला मी थोडे अधिक वजन देईन. मी ज्या सभेत वाढलो, तेथे दर रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडली जाते आणि प्रत्येक वेळी ‘तो येईपर्यंत’ हे शब्द वाचले जातात. पुनरागमनाची आशा आमच्यासाठी पुस्तकाचे शेवटचे प्रकरण नाही. ती दर आठवड्याच्या उपासनेत आहे. वर्गाची सुरुवात त्या आशेने झाली तर बिघडत नाही, मात्र ती योग्य उताऱ्याने व्हावी.

तो उतारा म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा 4था अध्याय, 13व्या वचनापासून पुढे. मंडळी मेघांत घेतली जाण्याची शिकवण आमच्याकडे याच उताऱ्यावरून दिली जाते, आणि मी स्वतः ती मानतो. पण वर्गात तो वाचताना पौल कोणाला लिहीत आहे हे आधी पाहा. त्या मंडळीतली काही माणसे मरण पावली होती, आणि प्रभू येईल तेव्हा आपले मेलेले मागे राहतील की काय, या दुःखात बाकीचे होते. पौल त्यांना सांगतो की ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. उताऱ्याचा शेवट वेळापत्रकाने होत नाही. या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, या आज्ञेने होतो. जे व्याख्यान ऐकून माणसे घाबरी होतात, ते या उताऱ्याचे व्याख्यान नव्हे, असे मी माझ्या सभेतही स्पष्ट सांगतो.

हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख नव्या करारात केवळ प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायात आहे. प्रभूच्या येण्यानंतर तो पृथ्वीवर राज्य करील हे मत नवे नाही; दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि आयरेनियस दोघेही ते मानत होते. मात्र त्याच जस्टिनने ट्रायफोबरोबरच्या संवादात, अनेक भक्तिमान ख्रिस्ती लोक आपल्याहून वेगळे मानतात हेही लिहून ठेवले आहे. ऑगस्टीनने आधी हे मत धरले आणि पुढे सोडले, आणि हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच सध्याचा काळ, असा अर्थ लावला. पश्चिमेकडील मंडळीत बहुतांश तोच रूढ झाला. शेवटच्या संकटकाळापूर्वी मंडळी गुप्तपणे वर घेतली जाण्याची मांडणी मात्र एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून पुढे आली आणि 1909च्या स्कोफील्ड यांच्या टीपायुक्त बायबलमुळे जगभर पोहोचली. तुमच्या तरुणांनी ती मानावी किंवा मानू नये, पण तिचे वय त्यांना ठाऊक असावे. तारखा सांगणाऱ्यांपासून मात्र त्यांना सांभाळा. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 या दिवशी प्रभूची वाट पाहिली, आणि त्या दिवसानंतर कित्येकांचा विश्वासच मोडला. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या 24व्या अध्यायात लिहिलेले आहे, त्याला फाटा देण्याचा अधिकार कोणाला नाही.

भायखळा शास्त्राभ्यास

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. सर, या आठवड्यात वर्गात आपण सांगितल्याप्रमाणे गेथशेमानेचा उतारा घेतला. चर्चा बराच वेळ रंगली आणि धर्मसभांविषयीची नाराजी पुष्कळ ओसरली.

परंतु वर्ग संपल्यावर एका वृद्ध भगिनीने मला बाजूला घेऊन जे विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही. त्यांच्या यजमानांना अनेक वर्षांपूर्वी शिवडीच्या कब्रस्तानात पुरले होते. मुंबईत जागेची टंचाई कशी आहे हे आपण जाणताच. काही काळाने थडगे उघडून त्यातली हाडे काढली गेली आणि ती जागा दुसऱ्या कुटुंबाला मिळाली. आता आजींचा प्रश्न असा की, मेलेले उठतील त्या दिवशी हे कोठून उठतील? त्यांच्या नातवाने त्यांना विद्युतदाहिनीविषयीही सांगितले आहे, आणि दहन झाले तर पुनरुत्थान होणार नाही अशी त्यांना भीती वाटते. शिवाय, यजमान आत्ता या घटकेला कोठे आहेत, निद्रेत आहेत की प्रभूजवळ, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. मला वाटते, शेवटच्या गोष्टींचा खरा पाठ हाच आहे, आणि तो मला नीट शिकवता आला पाहिजे.

उत्तर : वसईचा वाचक

नमस्कार ताई. आमच्या कॅथलिक परंपरेच्या बाजूने लिहितो. यातले काही आपल्या मंडळीला मान्य नसेल, पण आजींना उपयोगी पडेल तेवढे घ्यावे.

दहनाविषयीची त्यांची भीती दूर करा. आमच्याकडे पूर्वी दहनाला बंदी होती, परंतु 1963 साली ती उठवण्यात आली. बंदीमागेही, आगीमुळे देवाचे हात बांधले जातात अशी समजूत नव्हती. पुनरुत्थानाचा उपहास म्हणून दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांना विरोध करणे हा हेतू होता. आजही दफनाला प्राधान्य आहे, आणि दहन झाल्यास अस्थी पवित्र ठिकाणी ठेवाव्यात, विखुरू नयेत, असे रोमने 2016 साली पुन्हा सांगितले. कारण देह हा टाकाऊ वेष्टन नव्हे.

यजमान आत्ता कोठे आहेत, या प्रश्नाने तर एका पोपलाही अडचणीत आणले होते. बाविसावे जॉन यांनी 1331च्या सुमारास प्रवचनांतून असे मांडले की, मेलेल्या भाविकांना देवाचे पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होईल. मोठे वादळ उठले. 1334 साली मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले, आणि 1336 साली त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी जाहीर केले की, जे पूर्ण शुद्ध आहेत त्यांना मरणानंतर लगेचच देवदर्शन लाभते. ज्यांची शुद्धी बाकी आहे त्यांच्यासाठी आम्ही शुद्धिस्थान मानतो. फ्लॉरेन्सच्या 1439च्या आणि ट्रेंटच्या 1563च्या ठरावांत ती शिकवण आहे, आणि म्हणूनच 2 नोव्हेंबरला आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करतो. आपण ती मानत नाही, हे मला ठाऊक आहे. पण देवाच्या हातात गेलेला माणूस शेवटच्या दिवसापर्यंत हरवलेला नसतो, यावर आपले एकमत आहे.

सरांच्या तारणाच्या भागाला जोडून एक सांगावेसे वाटते. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा जो मुद्दा सोळाव्या शतकात आपल्याला दुभंगून गेला, त्यावर लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. पुढे 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्याही तिच्याशी जोडल्या गेल्या. सर्व मतभेद मिटले असे त्या घोषणेचेही म्हणणे नाही. परंतु तारण केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, हे दोन्ही बाजूंनी एकत्र कबूल केलेले आहे, आणि मराठी वर्गांत याचा उल्लेख फार कमी होतो याची मला खंत वाटते.

आपल्या भाषेतली एक वाटही सुचवतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली दहा हजारांहून अधिक ओव्यांत जे ख्रिस्तपुराण रचले, त्यात पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे ख्रिस्ताच्या जीवनाचे आहे. सिद्धांत कथेच्या ओघात कसा शिकवता येतो, हे त्यात पाहायला मिळते; वडीलधाऱ्या भगिनींना ओव्यांचा ताल परका वाटणार नाही.

उत्तर : निवृत्त अध्यापक, दादर

ताई, आजींना पहिल्यांदा हे सांगा की त्यांचा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर हुतात्म्यांनी दिलेले आहे. इ.स. 177 साली गॉल प्रांतातील लिऑन येथे ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. तेथल्या मंडळीने लिहिलेले पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. मारेकऱ्यांनी मेलेल्यांना पुरू दिले नाही. काही दिवस ते देह उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. हेतू उघड होता : यांची पुनरुत्थानाची आशाच बुडवावी, म्हणजे आता कसे उठतात ते पाहू. त्या पत्राने हा घाव शब्दशः नोंदवला आणि तरीही आशा सोडली नाही. नदीत गेलेल्या राखेतून जो देव आपल्या माणसांना उठवील असा त्यांचा विश्वास होता, त्याला शिवडीतून हलवलेली हाडे सापडणार नाहीत असे कोणी म्हणू नये. ऑगस्टीननेही देवाच्या नगरीविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात आगीने, पशूंनी, अगदी माणसांनीही नाहीशा केलेल्या देहांचा प्रश्न सविस्तर घेतला आहे, म्हणजे ही शंका थोरांनीही क्षुल्लक मानलेली नाही.

आता मूळ आधार. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात, मेलेले कोणत्या शरीराने येतील या प्रश्नाला पौल पेरलेल्या दाण्याचा दाखला देऊन उत्तर देतो. दाणा पेरला तसाच वर येत नाही, पण जे उगवते ते त्याच दाण्याचे असते. सातत्य आहे, ते देवाने राखलेले. हाडांच्या मोजदादीवर ते अवलंबून नाही. आणि पौल हे सांगू शकतो, कारण प्रथमफळ, म्हणजे मेलेल्यांतून पहिला उठलेला ख्रिस्त, आधीच हाती आलेले आहे. उठलेला प्रभू थोमाला जखमा दाखवतो, शिष्यांसमोर भाजलेली मासळी खातो, आणि तरीही बंद दारांआड उभा राहतो. आजींच्या यजमानांचे पुनरुत्थान कसे असेल याचा एकमेव नमुना तोच आहे. ख्रिस्तापासून सुरुवात करा असे मी म्हटले, ते यासाठीच.

ते आत्ता कोठे आहेत, याविषयी शास्त्र थोडे बोलते, पण जे बोलते ते पुरेसे आहे. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्याला ‘आज’ तू माझ्याबरोबर असशील असे वचन मिळाले. देह सोडून ख्रिस्ताजवळ असणे फार चांगले, असे पौलाने फिलिप्पैकरांना लिहिले. आपल्या धर्मसुधारित परंपरेने यावरून विश्वासी माणसाचा आत्मा मरणानंतर लगेच प्रभूजवळ जातो असे मानले. शास्त्र त्यांना झोपी गेलेलेही म्हणते, आणि त्यावरून ल्यूथरने कित्येकदा प्रभू हाक मारीपर्यंतच्या गाढ, शांत निद्रेची भाषा वापरली. आजींना हे दोन्ही सांगा, पण हेही सांगा की ती अवस्था कशीही असली तरी ती अंतिम नाही. ‘ते देवाघरी गेले, आता सारे पूर्ण झाले’ असे अंत्यविधीच्या वेळी आपण म्हणतो, ते नव्या कराराच्या आशेपेक्षा कमी आहे. ख्रिस्ताने देह घेतला, देहाने आज्ञा पाळली, तोच देह उठवला गेला. म्हणून तारणही देहासकट आहे आणि यजमानांचे तारण अजून पूर्ण व्हायचे आहे.

शेवटच्या विषयाला एकच वर्ग ठेवला असेल तर तो वाढवा. पहिल्या वर्गात थेस्सलनीकाकरांचा उतारा अंधेरीच्या बंधूंनी सांगितला तसा घ्या आणि हजार वर्षांविषयीची तिन्ही मते ज्याची त्याला प्रामाणिकपणे मांडू द्या. दुसऱ्या वर्गात 1 करिंथ 15 हा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. सगळा वाचायला दहाएक मिनिटे लागतात. लिऑनच्या पत्रातला राखेचा भाग मराठीत करून मी येत्या रविवारपर्यंत येथे टाकतो. आजींना चालत असेल तर 35व्या वचनापासूनचे वाचन त्यांनाच करू द्या.